आयसाठी मांडलेलं घर

११ ऑगस्ट १९८५

किल्ली मिळाली. शिक्षक सोसायटी, बैठ्या घरांची दुसरी ओळ, सात नंबर. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे चार पावलांची पडवी.

सामान म्हणावं असं काही नाहीच. एक वळकटी, स्टोव्ह, दोन पातेली, पुस्तकांची ट्रंक. ते सगळं एका कोपऱ्यात ठेवलं आणि लादीवर मधोमध बसून राहिले. बाहेर धो धो पाऊस. कौलांतून एक थेंब नाही.

रत्नागिरीत अकरा वर्षांत पाच खोल्या झाल्या. आडनाव सांगितलं की लोक गाव विचारायचे. गाव सांगितलं की वाडी. बौद्धवाडी म्हटलं की खोली आत्ताच दुसऱ्याला दिलेली असायची. आज या दारावर मी माझ्या हाताने पाटी ठोकली — कु. प्रभावती केरू तांबे. पहिला खिळा वाकला. दुसरा बसला.

आयला आणायचं. दुसरं काही डोक्यातच नाही. दहाव्या वर्षी मला वसतिगृहात घातलं. बाबा त्याआधीच गेले होते. तेव्हापासून आयच्या घरी मी पाहुणीच आहे — आले, चार दिवस राहिले, गेले. चौतीस पूर्ण झाली मला. आता तिने माझ्याकडे यायचं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं आणि स्टोव्हखाली ठेवायला मेज शोधत भिकाजी मेस्त्रीच्या वखारीत गेले. म्हातारा सुतार आहे, राजिवड्याच्या उतारावर वखार. घरातली माणसं मुंबईला गेली की जुनं सामान विकायला निघतं, ते हा उचलतो. दुरुस्त करतो. मग विकतो.

मेज मिळालं नाही. आरसा मिळाला. गोल, शिसवी चौकट, वर कोरलेली द्राक्षं. दोन ठिकाणी पारा उडालाय. मेस्त्री म्हणाले, कुण्या वकिलाच्या दिवाणखान्यातला आहे, तोंड दिसलं म्हणजे झालं. मी तोंड बघितलंच नाही. द्राक्षांवरून बोट फिरवत होते.

रिक्षात मांडीवर धरून आणला. स्टोव्ह अजून जमिनीवरच!

१८ ऑगस्ट

आठ नंबरच्या दमयंतीबाई आरसा बघायला आल्या. माझ्याच शाळेत दुसरीचा वर्ग त्यांच्याकडे. त्यांनी सोफासेट घेतलाय, अजून प्लॅस्टिक काढलेलं नाही. आरशासमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या की तांबेबाई, नव्या घरात दुसऱ्याच्या घरातलं कशाला आणलंत, कोण कोण त्यात बघून वर गेलं असेल.

गेल्यावर मी पुन्हा पुसला. बघू दे की. मी पण बघते.

१ सप्टेंबर

आरामखुर्ची. रंगूनचं सागवान. मेस्त्री सांगत होते, पूर्वी इथली माणसं रंगूनला कामाला जायची, परत येताना कुणीतरी बोटीवर घालून आणलेली. वेत फाटला होता, त्यांनी नवा विणून दिला. लांबलचक हात. पाय वर घेऊन बसता येतं.

आय हिच्यात बसेल. पाय वर. गुडघे दुखतात तिचे. मी शाळेतून येईन आणि ती म्हणेल, आलीस?

एवढं लिहितानाच हसू येतंय.

२२ सप्टेंबर

गावाहून आले. गणपतीची सुट्टी म्हणून गेले होते. जयगडपर्यंत एसटी, मग होडीने खाडी ओलांडली, पलीकडे गुहागरची एसटी. होडीत मुंबईच्या चाकरमान्यांची ही गर्दी. पाणी खवळलेलं.

आय शेतात होती. इरल्याखाली एवढीशी दिसते आता. मी घराचं सगळं सांगितलं. नळ आत आहे. संडास घराला लागून आहे. आरसा असा आहे, खुर्ची अशी आहे. ती तांदूळ निवडत होती. ऐकत होती की नव्हती कोण जाणे.

मी म्हटलं, कधी येतेस? ती म्हणाली शेळी व्यायला झालीय. म्हटलं, शेळी तुळसाकाकीकडे ठेव, शेजारीच आहे ती. तर म्हणाली भात उभं आहे. म्हटलं, कापून झाल्यावर? तेव्हा म्हणाली बघू.

मुंबईला शिवाकडे जायचं म्हटलं तरी असंच असतं तिचं. शिवा माझा धाकटा भाऊ. त्याची एकच खोली, बायको, दोन मुलं. तिथे ती का जात नाही ते कळतं. माझ्याकडे का नाही?

निघताना तिने पिशवीत कुळीथ भरून दिले. पाहुणीला देतात तसे.

३ ऑक्टोबर

मेस्त्रींकडे हिरवी हंडी आली!

काचेची, छताला टांगायची, तीन पितळी साखळ्या. आत पूर्वी दिवा ठेवायचे. मेस्त्री बल्बचं होल्डर बसवून देणार आहेत.

कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. गावी आय खोतांकडे कामाला जायची. गोठ्यातलं शेण काढायचं, अंगण सारवायचं. मी पाच-सहा वर्षांची. मला ती बाहेर कुंपणाच्या गडग्यापाशी बसवून जायची, आत येऊ नको म्हणायची. चिऱ्याच्या त्या गडग्यावरून खोतांच्या घराची एक खिडकी दिसायची. तिन्हीसांजेला आत हंडी लागायची. हिरवी. भिंती, माणसं, सगळं हिरवं व्हायचं. पाण्याखाली असल्यासारखं. मला वाटायचं, त्या उजेडात असलेल्या माणसांना भूक लागत नसेल, ताप येत नसेल. आयला मी तिथे आत बसलेली बघायची. डोळे मिटून बघायची.

ही हंडी तिथली नव्हे. खेडच्या कुठल्याशा घरातली. पण हिरवी आहे.

६ ऑक्टोबर

लागली. दिवे लागायच्या वेळी बटण दाबलं आणि खाली बसले. जेवायचं राहून गेलं.

२७ ऑक्टोबर

चिनी मातीचे कप. कागदासारखे पातळ, काठाला सोनेरी रेघ, आत एकच जांभळं फूल. चार कप, तीन बश्या. एका कपाचा कान तुटलेला. मेस्त्री तो बाजूला काढत होते, मी म्हटलं राहू दे, तो मला होईल.

दमयंतीबाई म्हणाल्या, पाहुण्यांना वेगवेगळ्या बश्या देणार का? म्हटलं, पाहुणे कुठले. मी आणि आय.

१४ नोव्हेंबर

शिवाचं पत्र. आयला समजावलंय म्हणतो. तेवीस तारखेला तुळसाकाकीची सून रत्नागिरीला माहेरी येणार आहे, तिच्यासोबत आय येईल.

येतेय!

पडदे धुतले. खुर्चीला तेल लावलं. आरसा दोनदा हलवून शेवटी होता तिथेच लावला.

२३ नोव्हेंबर

आय आली.

हिरवं लुगडं, केस चापून बसवलेले. हातात फणसाच्या आठळ्यांची पिशवी. स्टँडवर मला बघून हसली. रिक्षात बसली तेव्हा माझा हात धरून होती.

दारात चप्पल काढली. आत आली. वर हंडीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. भिंतीला लागून उभी राहिली. मी म्हटलं बस ना. तर दाराशी खाली बसली. खुर्चीत बस म्हटलं तर म्हणे, घाम आलाय, खराब होईल.

मग मी चहा केला. चांगला कप तिच्यापुढे ठेवला, बशीसकट. कान तुटलेला मला घेतला. साखर आणायला आत वळले, परत आले तर आय पडवीच्या पायरीवर जाऊन बसलेली. हातात कान तुटलेला कप. चांगला कप तसाच जागेवर.

मी म्हटलं, आये, तो माझा. तुझा हा.

ती हातातल्या कपाकडे बघत राहिली. मग एकदम पायरीवर ठेवला. चहा तसाच. हात लुगड्याला पुसले.

नंतर म्हणाली, पेल्यातनं दे मना.

२४ नोव्हेंबर

आय पडवीत झोपली. कितीही म्हटलं तरी आत नाही. आज दिवसभर काहीतरी करत राहिली — भांडी घासली, मागचं अंगण झाडलं, चूल नाही म्हणून स्टोव्हच पुसत बसली. खुर्चीला वळसा घालून जाते.

उद्या जाते म्हणाली. आठ दिवस राहणार होती.

२५ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाच्या एसटीने गेली.

गाडीला वेळ होता. बाकावर बसलो होतो. मी विचारलं, काय चुकलं माझं? सगळं लिहून ठेवते, नाहीतर माझ्या मनासारखं बदलेन मी.

म्हणाली, "खोताकडं पडवीच्या बाहेर कोनाडा हुता. त्यात आमची कपबशी. कान तुटला, तडा गेला की ती कोनाड्यात यायची. मग आमी त्यातनं च्या प्यायचा नि धुवून तितंच ठेवायचा. तुला गडग्याभायेर बसवायची ती येवढ्याचसाठी. तू बगू नये म्हून."

मला माहीत नव्हतं. मी खिडकी बघत बसायची.

मग म्हणाली, "परभा, आपल्या घरात कदी कोरी वस्तू आली नाय. लुगडी त्यांची जुनी. टोप त्यांचे जुने. तुजं पयलं पोलकं त्यांच्या पोरीचं. तू नोकरीला लागलीस तवा मना वाटलं, आता कोरं येईल घरात. तर तू पगार घालून जुनंच आणलंस."

गाडी लागली. ती चढली. खिडकीतून हात सुद्धा केला नाही. पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होती.

शाळेत आज काय शिकवलं आठवत नाही.

२६ नोव्हेंबर

राग आलाय. तिचाच.

हे मला कुणी दिलेलं नाही. कुणी नको झालं म्हणून माझ्या ओंजळीत टाकलेलं नाही. मी गेले, शंभर वस्तूंतून एक निवडली, आवडली म्हणून आणली. दिलेलं जुनं आणि निवडलेलं जुनं एकच का? तिला एवढं कळू नये?

आणि आवडायचं पण त्यांनीच ठरवायचं का? नक्षी त्यांची, हिरवा उजेड त्यांचा. मला आवडला तर मी त्यांची नक्कल केली?

२७ नोव्हेंबर

तिला कळलं नाही असं नाही. मला कळलं नव्हतं.

८ डिसेंबर

परवा सहा तारखेला बाबासाहेबांना वंदन करायला विहारात गेले होते. बाजूला एक म्हातारी बसली होती, पांढरं कोरं लुगडं. घडी अजून मोडली नव्हती, कडक उभी. तिच्याकडेच बघत राहिले.

आज चारही कप वर्तमानपत्रात गुंडाळून मेस्त्रींकडे दिले. काय झालं, विचारलं त्यांनी. म्हटलं, आईला नाही आवडले. त्यांनी कप उघडून एकेक उजेडात धरून बघितला आणि सांगितलं की आरसा, हंडी, खुर्ची पण आणा, घेईन. मी म्हटलं, नाही. ते मला आवडतं.

बोलून गेले. पण खरं आहे. नुसतं तिच्यासाठी म्हणून ते पण देऊन टाकलं असतं, तर घरात उरलं काय असतं? पुन्हा रिकामी लादी.

२२ डिसेंबर

गावी जाऊन आले. या वेळी घराचा विषय काढायचाच नाही असं ठरवून. शेणी थापल्या तिच्याबरोबर. दुपारी ती सुकटीचं कालवण करत होती, तेव्हा मीच म्हटलं, आये, तू सांग काय आणू. सांगशील ते कोरं आणते.

तिने कालवण ढवळलं. झाकण ठेवलं. विचार करून म्हणाली, "तू नको आणू. मी सोता बगून घेईन."

२७ जानेवारी १९८६

दोन महिने घर शांत. शाळा, वह्या, स्टोव्ह. हंडी लावते कधी, कधी नाही. खुर्चीत बसते तेव्हा वाटतं समोर कुणीतरी हवं.

दमयंतीबाईंच्या सासूबाई आल्यात. पलीकडून दिवसभर कुरकुर ऐकू येते. मी कान देऊन ऐकते.

१४ फेब्रुवारी

आय एकटीच आली! न कळवता. होडीतून, एसटीतून, विचारत विचारत सात नंबरपर्यंत. शेळी तुळसाकाकीकडे ठेवून आली. दुपारी शाळेतून येते तर पडवीत बसलेली, दमयंतीबाईंनी दिलेलं पाणी पीत.

पहिलं वाक्य — बाजार कुठं भरतो?

१५ फेब्रुवारी

रामआळी. अर्धी शाळा करून तिला घेऊन गेले.

तिने चार दुकानं बघितली. कुठेही मी बोलायचं नाही अशी अट. कप घेतले सहा, जाड पांढरे, लाल गुलाबांचे, सहाही एकसारखे. एकेक उलटा करून, टिचकी मारून, कान ओढून बघितला. दुकानदार कंटाळला पण तिला घाई नव्हती.

मग खुर्ची. लोखंडी घडीची, नायलॉनच्या पट्ट्यांची. पोपटी! राखाडी पण होती, मी नुसतं त्या बाजूला बघितलं तर म्हणाली, तू बोलू नको सांगितलं ना. दुकानदाराला विचारलं, कोरी हाय ना? कोन बसला नाय ना हिच्यावर? तो म्हणाला, आजी, कागद पण निघाला नाही. तिने तो कागद तसाच ठेवायला लावला.

आता ती खुर्ची रंगूनच्या खुर्चीशेजारी उभी आहे. बघवत नाही. आय त्यात संध्याकाळभर बसून आहे. ताठ, दोन्ही हात दांड्यांवर. उठली की पदराने पुसते.

गुलाबाच्या कपातून आम्ही चहा प्यालो. आत. समोरासमोर बसून.

२ मार्च

आठ दिवस म्हणून आली, दोन आठवडे होऊन गेले. शेळीची आठवण काढते पण जायचं नाव नाही. मी पण विचारत नाही. विचारलं तर आठवेल.

अजून झोपते मात्र पडवीतच.

९ मार्च

आज रविवार. भाजी घेऊन नऊला परत आले. आत काहीतरी फुटल्याचा आवाज पायरीवरच ऐकला.

हंडी. लादीभर हिरव्या काचा. शेजारी पोपटी खुर्ची, त्यावर चढून आय साफ करायला गेली होती. हातात चिंचेचा बोळा. साखळ्या वर लोंबत होत्या.

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. मान खाली, दोन्ही हात पोटाशी. आणि म्हणाली, "चुकी झाली बाई."

बाई. माझी आय मला बाई म्हणाली.

ती मला म्हणत नव्हती हे कळत होतं. पण समोर मीच उभी होते. घर माझं, हंडी माझी, आणि ती तशी उभी. पिशवी हातातच राहिली. तोंडातून एवढंच आलं — "आये, हलू नको. पायात काही नाहीये तुझ्या, काच लागेल."

तिने वर बघितलं. मी दिसले असेन तिला तेव्हा.

तिची चप्पल आणून पुढे ठेवली. ती घालेपर्यंत मी खाली बसून काचा वेचायला लागले. ती पण बसली. बोट कापेल म्हणाली मला. दोघींनी मिळून सुपात गोळा केल्या. मग तिने सांगितलं. ती काम करून यायची तेव्हा मी गडग्यावर हनुवटी टेकून असायची, हाका मारल्या तरी ऐकू यायच्या नाहीत मला. तिला माहीत होतं मी काय बघते ते. सगळं माहीत होतं.

"हिला हे कुठनं देऊ, असं वाटायचं," ती म्हणाली. "आता तू तुजं घेतलंस. धुरकट हुतं म्हून म्हटलं, लख्ख करून ठेवूया. तुला आवडतं तर."

मी रडले. ती काही रडली नाही. काचा कागदात बांधून मागे पुरून आली.

संध्याकाळी होल्डरला नुसता बल्ब. ती वर बघून म्हणाली, आता नीट दिसतंय.

१० मार्च

आय आत झोपली.

६ एप्रिल

दमयंतीबाई रोज चारला आयकडे. मी नसते तेव्हा पण. आय त्यांना नाचणीचे पापड शिकवते आणि त्या आयला सासूच्या तक्रारी सांगतात. दमयंतीबाईंनी खुर्चीचं कौतुक केलं. आयने लगेच सांगितलं, कोरी घेतली, बाजारातनं, मी सोता.

आरसा तिने पडवीत लावून घेतला. तिथे उजेड बरा, फणी करायला बरं पडतं म्हणते. येणारा जाणारा त्यात डोकावून भांग सारखा करतो. मला आत हवा होता तो. असू दे.

१९ एप्रिल

शाळेतून आले तर रंगूनच्या खुर्चीत आय झोपलेली. पाय वर.

मी चप्पल हातात घेऊन बाहेरच थांबले, तासभर.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. आयने खीर केली. सोसायटीतल्या सात घरांत वाटली. सहा घरांतून वाटी भरून परत आली. एका घरातून घासून रिकामी आली, पण आली.

शिवा मुलांना घेऊन आलाय. रात्री मुलं आयच्या दोन्ही बाजूंना, मी पायथ्याशी. जागा पुरत नव्हती. इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती मला.

महिन्याभराने घर कसं असेल, पुढच्या वर्षी कसं असेल, असलं काही मनात येतं हल्ली. पूर्वी कधी यायचं नाही.

२ जून

बदलीचा हुकूम. मंडणगड तालुका. मुख्याध्यापिका म्हणून. नऊ तारखेला हजर व्हायचं.

दमयंतीबाईंनी पेढे मागितले. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रत्नागिरीहून मंडणगड म्हणजे दिवस मोडतो एसटीत. रोज जाऊन येऊन होण्यासारखं नाही. नाही म्हणावं तर पुन्हा मुख्याध्यापिका करायला किती वर्षं लावतील ते तेच जाणोत.

चोवीस वर्षं वाट बघून साडेतीन महिने मिळाले.

३ जून

आयला सांगितलं. ती वाल सोलत होती. मुख्याध्यापिका म्हणजे काय, विचारलं. म्हटलं, शाळेतली मोठी बाई. सगळ्यात मोठी का, म्हणाली. हो म्हटलं. तिने वालाची टोपली खाली ठेवली आणि शेजारी सांगून आली.

मी तिची पिशवी काढून ठेवली. गावी पोचवून मग मंडणगडला जायचं असा विचार. मेस्त्रींना विचारलं, वर्षभर खुर्ची नि आरसा वखारीत ठेवाल का. पावसात बंद घराला बुरशी धरते. ठेवतो म्हणाले.

७ जून

कुलूप आणलं. भरायला घेतलं. आय काही भरत नाही. नुसती हिंडते, खिडक्यांच्या कड्या बघते. दोनदा विचारलं, तुझं काय काय घ्यायचं? ऐकू न आल्यासारखं केलं.

९ जून, मंडणगड

आय आली नाही. म्हणजे गावी गेली नाही. तुळसाकाकीला निरोप धाडला, शेळी तूच ठेव.

मेस्त्री टेम्पो घेऊन आले, त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं. मी ट्रंक उचलली तेव्हा पडवीत उभी राहून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी हाय हितं. सुट्टी पडली की घरी ये."